कुऱ्हाडवाल्याला उत्तर

कॅसेटच्या डावीकडच्या खिडकीत फितीचा गुंडाळा बावीस मिलिमीटर जाड होता, उजवीकडच्या खिडकीत चार. याचा अर्थ, आधी ज्या कुणी ही फिल्म लावली होती त्यानं ती पंधरा-वीस मिनिटांतच बंद केली होती आणि फीत मागे गुंडाळायलाही तो थांबला नव्हता. कानिशाईनं मोजपट्टी पांढऱ्या कोटाच्या खिशात परत ठेवली. एवढ्यावरून एखादी शहाणी बाई सावध झाली असती. पण कानिशाईचं मोजून झालं की समाधान व्हायचं. मोजमापातून अक्कल घ्यायची ते नेहमीच राहून जायचं.

“एजे, तुम्हाला इंग्रजी येतं ना?” झामिरबेकनं विचारलं.

हा तिचा धाकटा मामेभाऊ, ‘एजे’ म्हणजे ताई म्हणणारा. नारिनच्या सांस्कृतिक भवनात, बुद्धिबळाच्या खोलीत, त्यानं गेल्या वर्षी व्हिडिओ पार्लर काढलं होतं. आजवर आलेल्या प्रत्येक कॅसेटवर मॉस्कोतल्या एकाच माणसाचा भाषांतराचा आवाज असे. खुनी, नवरी, पोलीस, म्हातारी, सगळ्यांच्या वतीनं तो एकटाच, नाक चोंदल्यासारखा, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा बोले. ही कॅसेट मात्र झामिरबेकनं राजधानीत, फ्रुन्झेच्या बाजारात स्वतःची कोरी फरची टोपी देऊन मिळवली होती, आणि तिच्यात नुसतं इंग्रजी होतं.

“येतं म्हणजे, तसं...”

“पोस्टर लावून झालंय, एजे.”

पोस्टरवर लिहिलं होतं: ‘जगातली सगळ्यांत भयंकर फिल्म. हृदयविकार असणाऱ्यांनी येऊ नये.’ म्हणजे रविवारी दुपारी गावातले यच्चयावत हृदयरोगी येणार, हे नक्की होतं.

चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसून कानिशाई पंधरा वर्षं दुधातल्या जंतूंवरचे इंग्रजी लेख वाचत आली होती. नुसतं वाचत; ऐकलं एकदाही नव्हतं. ‘नमुना बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवला’ हे तिचं लाडकं वाक्यसुद्धा कुणी इंग्रजीत मोठ्यानं म्हटलं असतं तर तिला ओळखू आलं नसतं. हे सांगून टाकावं असं तिला वाटलंही. पण पंधरा वर्षांचा मान एका वाक्यात खाली ठेवायला धैर्य लागतं, आणि तिच्यापाशी ते मिलिग्रॅममध्येच होतं.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

झामिरबेक तो होकार समजून निघूनही गेला.

हेच वाक्य तिनं मार्च महिन्यात ताबिल्दीला ऐकवलं होतं. ताबिल्दी हा जनावरांचा डॉक्टर, सेहेचाळीस वर्षांचा विधुर, मोठ्या कानांचा आणि हळू बोलणारा. दर गुरुवारी तो गोठ्यांवरच्या दुधाच्या आठ बाटल्या तपासणीसाठी आणून द्यायचा. मार्चमधल्या एका गुरुवारी सातवी बाटली ठेवल्यावर आणि आठवी ठेवण्याआधी, त्याच आवाजात, त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. कानिशाईनं आलेखाच्या कागदावर दोन रकाने आखले: लग्न करण्याची कारणं आणि न करण्याची. दोन्हीकडे अकरा-अकरा भरली. बारावं सुचण्याची वाट पाहता पाहता नोव्हेंबर उजाडला. दर गुरुवारी तो विचारी, “काही ठरलं का?” आणि ती म्हणे, “विचार चालू आहे.” ही गोष्ट गावात दोघांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. आता त्याला खिंडीपलीकडच्या ओश शहरातून मोठ्या जागेचं बोलावणं आलं होतं. महिनाअखेर कळवायचं होतं. मग बर्फानं खिंड बंद झाली की वसंतापर्यंत जाणं नाही. हेही त्यानं तिला दुधातला स्निग्धांश सांगावा तितक्याच शांतपणे सांगितलं होतं.

शनिवारी चहाच्या वेळी प्रयोगशाळेत एकच विषय होता.

“भयंकर फिल्म मला सांगू नका,” बाटल्या धुणाऱ्या बातमा आपा म्हणाल्या. “आरोग्य खात्यानं दाखवली होती, कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची. माझा दीर तेव्हापासून स्वतःच्या कुत्र्याला खुणेनं बोलावतो.”

“मी लढाईची पाहिली, घोडा मरतो ती,” मीरगुल म्हणाली. ती दुधाची आंबट-गोड चाचणी करायची आणि बोलता बोलता रडायची. “माणसंही मरतात तिच्यात. पण घोडा, आपा!”

“आणि तू गं कानिशाई? तू कुठली पाहिलीस?”

“बऱ्याच पाहिल्यात,” कानिशाई म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. बऱ्याच फिल्मांची सुरुवात तिनं पाहिली होती. जंतांच्या फिल्मला तर गावकऱ्यांना समजावून सांगायला ती स्वतः पुढं उभी होती, डोळे मिटून.

रविवारी दोन वाजता बुद्धिबळाच्या खोलीत तीस खुर्च्यांवर सत्तर माणसं बसली. खिडक्यांना लोकरीचे जाड नमदे ठोकून अंधार केला होता. पहिल्या रांगेत बातमा आपा, दुसऱ्या रांगेत ताबिल्दी, मांडीवर टोपी. सगळीकडं सूर्यफुलाच्या बिया फोडण्याचा कटकट आवाज. टीव्हीच्या शेजारी स्टुलावर कानिशाई, हातात माईक.

रानात एक घर होतं. घरात एक बाई एकटीच होती. बाहेर तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस आला, त्याच्या हातात कुऱ्हाड होती. तो काहीतरी म्हणाला. कानिशाईला एक शब्द कळला नाही.

“काय म्हणतो गं?” बातमा आपा.

“म्हणतो, ‘घरात कुणी आहे का?’”

“आणि ती?”

“‘कोण आहे?’”

इथपर्यंत अंदाज शास्त्रशुद्ध होता. पुढं कुऱ्हाड वर गेली आणि कानिशाईनं सवयीप्रमाणे डोळे मिटले. आता तिला फक्त प्रेक्षक ऐकू येत होते. बियांची कटकट थांबली की समजायचं, काहीतरी भयंकर चाललंय. कटकट थांबली. पडद्यावरचा माणूस जाड आवाजात बरंच बोलला. सत्तर माणसं तिच्याकडं पाहत होती. माणूस दाराशी येऊन बाईला काय म्हणत असेल? कानिशाईच्या दाराशी आजवर एकच माणूस आला होता.

“‘मी गुरुवारी येईन म्हणालो होतो,’” ती म्हणाली.

दार फुटल्याचा आवाज झाला.

“‘काही ठरलं का?’”

बाई किंचाळली.

“‘विचार चालू आहे!’”

खिडकी फुटली. “‘आठ महिने झाले,’” कानिशाई म्हणाली. बाई पुन्हा किंचाळली. “‘घाई करू नका!’” मग बराच वेळ कुणीतरी जिन्यावरून धावत होतं. कानिशाईनं घाबरून रिकामी जागा भरली: “‘माझं वय सेहेचाळीस आहे. दारू पीत नाही. घराला नवं छप्पर घातलंय.’”

“अगं भवाने, दे ना एकदा उत्तर!” बातमा आपा टीव्हीवर ओरडल्या. “दार मोडलं, खिडकी मोडली, आता काय घर पाडायची वाट बघतेस?”

“असं कसं आपा? कुऱ्हाड घेऊन मागणी घालतात का?” मागून मीरगुल रडत म्हणाली.

“आठ महिने थांबल्यावर मी तोफ आणली असती!” एका हृदयरोग्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं.

शेवटी खोलीभर एकदम शांतता पसरली. सगळं संपलंसं वाटून कानिशाईनं बाईच्या वतीनं म्हटलं, “‘विचार करून सांगते,’” आणि झामिरबेकनं दिवा लावला. माणसं पांढरीफटक पडली होती. ताबिल्दीचे कान मात्र लालभडक झाले होते.

त्या संध्याकाळी नारिनभर एकच बोलणं. कापाकापीच्या फिल्मा पुष्कळ पाहिल्या, पण असा शांतपणे, आपल्याच शेजाऱ्यासारखं बोलणारा खुनी कुणी पाहिला नव्हता. ‘छप्पर घातलंय’ म्हणताना कसा अंगावर काटा आला, हे लोक एकमेकांना सांगत होते. दोन बायकांनी नवऱ्यांना विचारलं, तुम्ही माझ्याशी लग्न करताना नक्की काय म्हणाला होता? मंगळवारी दुपारी पुन्हा खेळ ठेवावा लागला.

आता हीच वाक्यं पुन्हा म्हणायची होती, आणि कानिशाईला तर त्यातली निम्मी आठवत नव्हती. तिनं शास्त्राचा आधार घेतला. सोमवारी कानानं फिल्म ऐकून वहीत प्रत्येक वाक्यासमोर मिनिट आणि सेकंद लिहिले. घड्याळ समोर ठेवायचं आणि वाचत जायचं. डोळे उघडून पडद्याकडं पाहायची गरजच नाही. पद्धत निर्दोष होती. फक्त झामिरबेकनं गर्दी ताटकळते म्हणून सुरुवातीची नावं पुढं ढकलली, आणि हे तिला सांगितलं नाही. चाळीस सेकंद गेले.

त्यामुळं मंगळवारी बाईनं स्वतःच्याच घरात उभं राहून विचारलं, ‘घरात कुणी आहे का?’ कुऱ्हाडवाल्यानं दार फोडता फोडता आर्जव केलं, ‘घाई करू नका!’ आणि अंगणातला कुत्रा दात विचकून म्हणाला, ‘माझं वय सेहेचाळीस आहे. दारू पीत नाही.’

“रविवारी कुत्रा बोलत नव्हता!” कुणीतरी म्हणालं.

“दारू पीत नाही हे खरंच असणार,” दुसरा म्हणाला, “कुत्रा आहे तो.”

“थांबा रे,” बातमा आपा गंभीरपणे म्हणाल्या. “कुत्र्यानंही मागणी घातलीय. त्या बाईला आता दोघांना उत्तर द्यायचंय.”

शेवटी तिनं पुन्हा ‘विचार करून सांगते’ म्हटलं तेव्हा खोलीत आरडाओरडा झाला. दोन दिवस आलो, दोन्ही दिवस हिनं ठरवलं नाही, म्हणून लोक चिडले. एकानं टोपी टीव्हीवर फेकली. कानिशाई वही पोटाशी धरून मागच्या दारानं निघाली, तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. पंधरा वर्षांत एकही चाचणी चुकली नाही, आणि आज आपण कुत्र्याच्या तोंडी एका भल्या माणसाचं आयुष्य घातलं, हे तिच्या ध्यानात आलं.

गुरुवारी ताबिल्दी नेहमीच्या वेळी आला. त्यानं आठ बाटल्या मांडल्या, सही घेतली आणि टोपी डोक्यावर चढवली. कानिशाई वाट पाहत होती. तो दाराकडं वळला.

“आज विचारलं नाहीत,” ती म्हणाली.

“पाहिलं ना त्या माणसाला. दोनदा.” तो टोपी काढून पुन्हा उभा राहिला. “मनानं वाईट नसेलही तो. पण एखाद्याच्या दाराशी इतके दिवस उभं राहिलं, की हातात कुऱ्हाड नसली तरी दिसायला लागते. मला ते आधी कळायला हवं होतं, कानिशाई. सोमवारी ओशला पत्र टाकतो, येतो म्हणून.”

बोलायला हीच वेळ होती. कानिशाईनं तोंड उघडलं.

“पाच नंबरच्या बाटलीवर तारीख नाहीये,” ती म्हणाली.

त्यानं वाकून तारीख लिहिली आणि तो गेला. कानिशाई खुर्चीत बसली. कुऱ्हाडीला तिनं डोळे मिटले होते, पण ते वाकून तारीख लिहिणं तिनं उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आजवर पाहिलेलं सगळ्यांत भयंकर दृश्य तेच होतं.

मोरीपाशी पाण्याचा आवाज थांबला होता.

“म्हणजे कुत्रा निर्दोष होता तर,” बातमा आपा म्हणाल्या. त्यांनी हात पुसले. “शनिवारी तिसरा खेळ आहे. मी डॉक्टरला आणते. गाय आजारी आहे म्हणून सांगीन.”

“आपा, तुमच्याकडं गाय नाही.”

“तो भला माणूस आहे. तिथं पोचेपर्यंत विचारणार नाही.”

शनिवारी बुद्धिबळाच्या खोलीत शंभर माणसं उभी होती. ताबिल्दी ओव्हरकोटात, औषधांची पेटी हातात घेऊन दाराशी अडकला होता. बातमा आपांनी त्याच्यामागं आपली खुर्ची लावून टाकली होती. कानिशाईनं वही आणली नव्हती. डोळे मिटून, नाडीचे ठोके मोजत, तिनं रविवारची वाक्यं जमतील तशी म्हटली. दार फुटलं, खिडकी फुटली, छप्पर घालून झालं. कुत्र्याला तिनं फक्त भुंकू दिलं. लोकांनी त्याबद्दल नाराजी दाखवली.

मग ती शेवटची शांतता आली. बिया नाहीत, खोकला नाही. बाहेरच्या रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा आवाज ऐकू आला.

“आज तरी काय म्हणते ती?” बातमा आपांनी विचारलं.

“सांगा एजे,” झामिरबेक कुजबुजला, “नाहीतर टीव्ही फोडतील.”

कानिशाईनं डोळे उघडले. फिल्मचा शेवट ती पहिल्यांदाच पाहत होती. कुऱ्हाडवाला आडवा पडला होता. बाई पायरीवर बसली होती, केस चेहऱ्यावर आलेले, दमलेली. वयानं साधारण कानिशाईएवढीच. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. कानिशाईनं सात सेकंद मोजले. ओठ हलले नाहीत. मिटलेल्या तोंडात वाक्य घालणं तिच्याच्यानं होईना. इतकं खोटं तिनं कुठल्याच नमुन्याबद्दल लिहिलं नव्हतं.

“ती काहीच म्हणत नाहीये,” कानिशाई माईकवर म्हणाली. “मला इंग्रजी ऐकून कळत नाही. आधीही ती काही म्हणत नव्हती.”

“मग इतके दिवस बोलत कोण होतं?” मीरगुलनं विचारलं.

“मी.”

शंभर माणसांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग एकेक करून, आकडेमोड जुळत गेल्यासारखी, सगळी डोकी दाराकडं वळली. सेहेचाळीस वर्षांचा, दारू न पिणारा, नव्या छपराचा गावात एकच माणूस होता. त्याचे कान कोटाच्या कॉलरमध्ये मावत नव्हते.

“गाय कुठंय?” तो क्षीण आवाजात बातमा आपांना म्हणाला.

“गप्प उभा राहा,” बातमा आपा म्हणाल्या.

कानिशाई स्टुलावरून उठली. माईक खाली ठेवायचं तिला सुचलं नाही, त्यामुळं पुढचं वाक्य भवनाच्या कर्ण्यातून रस्त्यावरही ऐकू गेलं.

“ताबिल्दी, ओशला नाही म्हणून कळवा. मी तुमच्याशी लग्न करते.”