मागच्या सीटवरचं वजन

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा सायकलवाला दुकानात एका वाकड्या चाकाचा आऊट काढत बसला होता. फोन लेकीचा होता. "बाबा, या," एवढंच ती म्हणाली. त्याला कळलं. तरी तो आधी हात धुवायला उठला. रॉकेलने धुतले, साबणाने धुतले, पुन्हा रॉकेलने धुतले. ग्रीसचे हात चादरीला लागलेले बायकोला खपायचे नाहीत. तो पोचला तेव्हा हात इतके स्वच्छ होते, की तसे ते लग्नातही नव्हते. फक्त तपासायला ती उरली नव्हती.

या गोष्टीला पाच महिने झाले. दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून जोडसायकल उभी होती. दोन जुन्या सायकली कापून, जोडून त्याने स्वतः बनवलेली. पुढे तो, मागे ती. रविवारी दोघं तलावाच्या काठाने निघायची, पहिली खिंड चढायची, दुसरी चढायची आणि परत फिरायची. तिसऱ्या खिंडीकडे सायकल जात नाही, पायवाट आहे. तिकडून अख्खा तलाव एका नजरेत दिसतो, असं बायकोने कुठूनतरी ऐकलं होतं. दर रविवारी दुसऱ्या खिंडीवर ती विचारायची, "अहो, जायचं का आज?" आणि दर रविवारी त्याला पाच वाजता दुकान उघडायचं असायचं. अकरा वर्षं तो पुढचा रविवार म्हणत राहिला.

आता त्याने ठरवलं, तिन्ही खिंडी एका दिवसात करायच्या. दोन सायकलवर, तिसरी पायी. शेजारच्या घड्याळवाल्याला त्याने छाती काढून सांगितलं, की चार वाजता घरी येऊन आंघोळ करून बसलेलो असेन. घड्याळवाल्याने भिंगातून वर पाहिलं आणि कुठल्या वारी चार वाजता, एवढंच विचारलं.

अडचण एकच होती. जोडसायकलच्या मागच्या सीटवर वजन नसेल, तर उतारावर मागचं चाक बकरीसारखं उड्या मारतं. हे शुद्ध यंत्राचं काम आहे, यात भावनेचा काही संबंध नाही, असं त्याने लेकीला दोनदा समजावलं. मग गोणीत वाळू आणि जुन्या ट्यूब भरल्या, भंगारवाल्याच्या काट्यावर ती बरोबर बावन्न किलो करून आणली.

"बाबा, आई अठ्ठावन्न होती," लेक म्हणाली.

"मला तिने बावन्न सांगितलं होतं."

 गोणीवर आईचा टोपीवाला पिवळा रेनकोट चढताना दिसला, तेव्हा लेकीने तोंडावर हात ठेवला. पाऊस आला तर वाळू भिजेल आणि वजन वाढेल, म्हणून रेनकोट, असं त्याने सांगितलं. तेही शुद्ध यंत्राचंच काम होतं. गोणी ट्यूबच्या पट्ट्यांनी सीटला बांधली. पस्तीस वर्षांत त्याची गाठ कधी सुटली नव्हती, हे तो गिऱ्हाइकांना न विचारता सांगत असे.

पहिली खिंड झकास झाली. वर चहाची टपरी होती. चहावाली नवीन होती, कुणाला ओळखत नव्हती. त्याला कप देऊन तिने सायकलकडे मान वळवली. "बाईंना देऊ का?"

इथे खरं सांगायला हवं होतं. पण पाच माणसं बाकावर बसलेली. त्यांच्यासमोर गोणीला रेनकोट घातलाय हे सांगायची त्याला लाज वाटली.

"त्यांना नको," तो म्हणाला.

"उतरतही नाहीत त्या. रागावल्यात का?"

"तशाच आहेत. कमी बोलतात."

बायको हयात असती, तर या एका वाक्यासाठी त्याला आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

दुसऱ्या खिंडीचा चढ सुरू झाला. निम्म्यावर त्याच्या पायांत अचानक जोर आला. सायकल पिसासारखी हलकी झाली. बासष्टाव्या वर्षी! बाकीचे गुडघ्यांना तेल चोळत बसतात आणि आपण बघा, असं म्हणत त्याने पुढच्या दोन तरुण सायकलस्वारांना मागे टाकलं, वर घंटीही वाजवली. खिंडीच्या माथ्यावर पोचला, धापा टाकत मागे वळला आणि म्हणाला, "बघितलंस?"

सीट रिकामी होती.

गाठ सुटलेली नव्हती. गाठ आपल्या जागी घट्ट बसली होती. ट्यूब ताणल्या गेल्या होत्या आणि मधून गोणी निसटली होती.  सायकल दगडाला टेकवून तो आल्या रस्त्याने पायीच खाली उतरायला लागला. वाळूचं त्याला काही नव्हतं. रेनकोट तिचा होता.

बारा वाजले होते. तिसऱ्या खिंडीच्या वाटेवरचं फाटक वनखातं तीनला बंद करतं. तासाभरात गोणी सापडली तर अजून जमत होतं.

अर्ध्या उतारावर त्याला माणसं भेटली. वीस-पंचवीस असतील. दोघांच्या खांद्यावर स्ट्रेचर. पुढे खाकी कपड्यातली वनरक्षक बाई. तिने घाईघाईत सांगितलं, की वरच्या रस्त्यावरून कुणी बाई दरीत पडली आहे, होडीवाल्याने तलावातून डोळ्यांनी पाहिलंय, काका, हात लावता का?

त्याला स्वतःचीच शरम वाटली. एका घरात आता तसाच फोन जाणार आणि आपण गोणी शोधत हिंडतोय! तो रांगेत शिरला. काट्यांत घुसला, दगडांखाली वाकून पाहिलं. नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे "ओ बाई" अशी हाक मारत होते. त्यात सर्वांत मोठा आवाज त्याचा होता. घसा बसला. दोन वाजले, त्याने घड्याळात पाहिलंसुद्धा नाही.

मग रांगेतून निरोप पुढे सरकत आला. साठीच्या आसपास. पिवळा रेनकोट. कमी बोलणारी.

रेनकोटपाशी तो काट्यांतून उठून उभा राहिला. कमी बोलणारीपाशी उरलासुरला संशयही फिटला, कारण हे वर्णन जगात एकाच माणसाने केलं होतं. तो बोलायला तोंड उघडणार, तोच टपरी बंद करून आलेली चहावाली त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हेच ते. ह्यांचीच बाई."

सगळी रांग त्याच्याभोवती गोळा झाली. एकाने दगडावर बसवलं, एकाने पाणी पाजलं, एकाने ओला रुमाल डोक्यावर ठेवला.

"अहो, ती गोणी आहे," तो म्हणाला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. धक्का बसलाय, असं कुणीतरी हळूच म्हणालं. त्याने पुन्हा सांगितलं, की वाळूची गोणी आहे, बावन्न किलो, भंगारवाल्याला विचारा. त्यावर रुमाल पुन्हा भिजवून आणला गेला. मागून एक म्हातारबाबा पुटपुटले, की राग असेल मनात, पण अशा वेळी तरी बायकोला गोणी म्हणू नये.

वनरक्षक बाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याचे दोन्ही हात तिने हातात घेतले.

"काका, घाबरू नका. सापडतील त्या. आम्ही आहोत ना."

हॉस्पिटलात महिनाभर प्रत्येकाने त्याला तयारी ठेवा म्हणून सांगितलं होतं. असं कुणी म्हणालं नव्हतं. पुन्हा एकदा खरं सांगायचा त्याचा विचार होता. पण तो मान हलवत बसून राहिला. दोन मिनिटं असतील, जास्त नाही. समोर उतारावर तेवीस अनोळखी माणसं त्याच्या बायकोला शोधत होती.

खालून हाक आली. सापडली.

झुडपात अडकली होती, पालथी. चौघांनी जपून उचललं, मानेला आधार दिला, स्ट्रेचरवर ठेवलं, वर आणलं. वनरक्षक बाईने रेनकोटची बटणं काढली. आतून वाळू सांडली आणि एक जुनी ट्यूब बाहेर लोंबली.

 तिने विचारलं, "मग त्या कुठे आहेत?"

"वारली," तो म्हणाला. "पाच महिने झाले. आजारी होती. टपरीवर मी खोटं बोललो. तुम्हा सगळ्यांना उन्हात फिरवलं." आणि त्याने हात जोडले.

होडीवाला तोवर वर आला होता. त्याने गोणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "म्हणजे आज कुणाला काही झालं नाही?"

"आज नाही."

"मग चांगलंच झालं की," असं म्हणून होडीवाला हसला. त्याच्या हसण्याने बाकीच्यांचाही बांध फुटला. म्हातारबाबा तर पोट धरून खाली बसले. सायकलवाला हसता हसता रडला आणि कुणी त्यावर रुमाल भिजवला नाही. वनरक्षक बाईने त्याला पाच मिनिटं चांगलं झापलं. ते त्याने मान खाली घालून ऐकलं, कारण त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. मग तिनेच रेनकोट झटकून, घडी घालून त्याच्या हातात दिला.

सगळे त्याला माथ्यापर्यंत सोडायला आले. वाळू तिथेच ओतून टाकली होती. उतारावर मागे वजन हवं, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. चहावाली म्हणाली, मला टपरीवर जायचंच आहे. ती मागे बसली आणि पहिल्या खिंडीपर्यंत एक मिनिट गप्प राहिली नाही. खड्डा आला, ब्रेक दाबा, डावीकडून घ्या, तुम्ही ऐकताय का काका? तो ऐकत होता. मागचं चाक एकदाही उडालं नाही.

टपरीवर पोचल्यावर त्याने प्रत्येकाचे आभार मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजून मानले. तेवीस झाले, चोविसावी ही.

फाटक तीनलाच बंद झालं होतं. तिसरी खिंड अजून राहिली आहे.