आस्मुसची तहानलेली झाडं

"नमुना हवा," नगरपालिकेचे टायशेनसाहेब म्हणाले. "सांडपाणी बाहेर पडतं तिथला. एक लिटर."

"बाहेर काही पडतच नाही साहेब," आस्मुस छाती फुगवून म्हणाला. "माझी झाडं सगळं पितात."

खोटं नव्हतं. घरामागच्या खड्ड्यात पाणी झिरपू नये असं जाड अस्तर घालून आस्मुसने विलोची तीनशे झाडं लावली होती. न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर, सगळ्यांचं पाणी आधी टाकीत निवळायचं, मग मुळांशी जायचं आणि पानांवाटे हवेत उडून जायचं. साहेबांना हे पटलं, पण त्यांच्या फॉर्ममध्ये 'काहीच नाही' असं लिहायला जागा नव्हती. शुक्रवारपर्यंत नमुना मिळाला नाही तर झाडं उपटून घर गावच्या गटाराला जोडायचं, असा हुकूम निघाला.

"पोरासारखी वाढवलीत मी ती!" बायको बोटिला रडकुंडीला आली. "काहीतरी कर ना!"

"झाडांना पाणी कमी पडतंय, एवढंच. अख्ख्या गावाला कॉफीला बोलवू. जास्त झालं की कडेच्या विहिरीत सांडेलच."

दक्षिण जटलंडात कॉफीला बोलावणं म्हणजे सात मऊ केक आणि सात कुरकुरीत, आणि पाहुण्याने एकही वगळायचा नाही. बोटिला तीन दिवस भट्टीसमोरून हलली नाही. शुक्रवारी त्रेचाळीस माणसांनी जेवढे केक खाल्ले तेवढीच कॉफी ढोसली, आणि व्हायचं तेच झालं. संडासापुढची रांग अंगणात पोचली.

"दोनदा पाणी सोडा हं!" आस्मुस दारात उभा राहून प्रत्येकाला बजावत होता. "लाजू नका!"

चारला टायशेनसाहेब बाटली घेऊन आले. बोटिलाने त्यांनाही चौदाच्या चौदा खायला लावले. थोड्या वेळाने साहेबही मुकाट्याने रांगेत उभे राहिले.

मग सगळे जादा पाण्याच्या विहिरीभोवती जमले. साहेबांनी झाकण उचललं. तळ कोरडा ठणठणीत.

"माझंसुद्धा प्यायली?" साहेबांनी चकित होऊन विचारलं.

"एका घोटात!"

साहेबांनी फॉर्मवरची ओळ खोडली, स्वतःच्या हाताने काहीतरी लिहिलं आणि सही ठोकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बोटिलाने हुंदका देत जवळच्या विलोला मिठी मारली. आस्मुस मोठ्याने वाचू लागला.

"मंजूर. झाडांचं काम उत्तम. मात्र झाडं फार तहानलेली आढळली. ती वाळू नयेत म्हणून दर शुक्रवारी आजच्याएवढाच वापर व्हावा."

"आम्ही येऊ की!" गाव एका सुरात म्हणालं.

बोटिलाने मिठी सोडली.

"आस्मुस," ती म्हणाली, "कुऱ्हाड कुठे ठेवलीस?"