उणे पंधराची बाजू

नानांच्या ओट्यावर गणित बरोबर सोडवूनही शिव्या खाव्या लागत. वर्गसमीकरणातून दोन किमती निघतात. बागेत केळीच्या रांगा किती? दहा, किंवा उणे पंधरा. आम्ही उणे पंधरावर काट मारून मोकळे. की आलाच नानांचा खडू अंगावर!

"हाकललंस? कारण न देता? काय घोडं मारलं त्यानं तुझं? तोंडावर सांग त्याला!"

मग लिहायचं, 'रांगांची संख्या उणे नसते, म्हणून ही किंमत घेता येत नाही.' आणि मोठ्यानं वाचायचं. नशिराबादेत लोक त्यांना 'उणे नाना' म्हणत. "म्हणू द्या," नाना म्हणत, "फक्त कारण सांगा म्हणावं."

हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर ते फक्त नापासांना शिकवत, तेही फुकट. हुशार पोरं आली, की "तुमचं काय अडलंय? जा, घरी झोपा," म्हणून पिटाळत.

मी दहावीला बीजगणितात आपटले. त्याची मला लाज नाही. आमच्या घरात दहावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी मीच पहिली, पुढे पदवी घेतली तीही मीच पहिली. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी मी नानांकडे जाऊ लागले, आणि आठवड्याच्या आत माझे वडील, आबा, ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"चाल घरी. पुरे झायी तुही शाया."

"रामदास," नाना म्हणाले, "ही नुसती काट झाली. कारण?"

"नापास झायी ना, नाना."

"तुझा थोरला नापास झाला तेव्हा?"

"त्याले पुन्हा बसवलं."

"मग हे कारण नव्हे. दुसरं सांग."

पोरं लिहायची थांबली होती.

"पोरगी हाये म्हनून," आबा पुटपुटले.

"मोठ्यानं. इथं सगळे मोठ्यानंच वाचतात."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. ते वाक्य त्यांना मोठ्यानं म्हणता आलं नाही.

"बसू द्या तिले ऑक्टोबरले," ते म्हणाले आणि वळले.

जिंकल्यावर नानाच बावरले. "अरे, असा कसा जातोस? चहा घे." आत बराच वेळ भांडी वाजत राहिली. मग एक कपबशी घेऊन ते बाहेर आले, आबांच्या हातात दिली आणि तसेच उभे राहिले.

"तुमचा, नाना?"

"घरात कप एकच आहे रे. येतं कोण माझ्याकडे?"

आबांनी अर्धा चहा बशीत ओतला. बशी स्वतःला ठेवली, कप नानांना दिला आणि ओट्याच्या कडेला बसले. नानाही शेजारी टेकले.

मी पुढचं गणित घेतलं.