तीन हात रंग

"बुधवारी दुपारी बाराच्या आत सर्टिफिकेट माझ्या खिशात! आणि गुरुवारी सकाळी गाडी ॲरिझोनाच्या रस्त्याला! लिहून ठेवा!" व्हर्लिन हाउगेनने कॉफीचा मग टेबलावर आपटून भर कॅफेत जाहीर केलं.

"कसलं सर्टिफिकेट?" ऑर्विलने फासे खुळखुळवत विचारलं. त्या कॅफेत आज कॉफी कोणी पाजायची हे रोज फाशांवर ठरतं.

"मोटरहोमच्या गॅसटाकीचं."

"त्याचं सर्टिफिकेट असतं?"

"अरे, अडतीस वर्षं धान्याच्या कोठाराचा मॅनेजर होतो मी! मला नियम विचारतोस?"

ऑर्विलने फासे टाकले, हरला आणि गप्प बसला. व्हर्लिनला वाटलं, आपणच त्याला गप्प केलं.

आता एवढी घाई का, ते सांगते. नॉर्थ डकोटात ऑक्टोबर लागला की थंडी हाडात शिरायला लागते, आणि व्हर्लिन-आर्डिस हे म्हातारा-म्हातारी आपली मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन दक्षिणेला निघतात. अकरा हिवाळे हा नेम चालला. गेल्या वर्षी मोडला, कारण व्हर्लिनच्या हृदयाची झडप बदलावी लागली. तिकडे ॲरिझोनात आर्डिसची थोरली बहीण डेल्मा, वय चौऱ्याऐंशी. मागच्या महिन्यात फोनवर डेल्माने विचारलं, "कोण आर्डिस?" मग लगेच हसून "अगं, गंमत केली!" म्हणाली खरी, पण आर्डिसला ती गंमत वाटली नाही. जायचं तर याच हिवाळ्यात, एवढं तिला कळून चुकलं होतं.

आणि मध्ये उभी होती लेक, क्रिस्टा! "बाबा, त्या गाडीत स्वयंपाकाचा गॅस आहे, ती सत्तावीस वर्षांची आहे आणि तुझी झडप एक वर्षाची आहे. तपासणीचा कागद दाखव, नाहीतर किल्ली माझ्याकडे दे. गाडी विकून टाकू."

विकून टाकू म्हणे! व्हर्लिनला इतका राग आला की त्याने त्या दिवशी आवडता ॲपल-पायसुद्धा अर्धाच खाल्ला.

तर सोमवारी सकाळी तो गाडीखाली सरपटला. पोटाखाली सांगाड्याला बांधलेली, पिंपासारखी आडवी टाकी. गंज बराच. मुदतीची तारीख मात्र कुठेच नाही! परसातल्या शेगडीच्या गॅस-सिलिंडरवर तारीख असते आणि बारा वर्षं झाली की तो पुन्हा तपासावा लागतो, हे त्याला पाठ होतं. इथे तारीखच नाही म्हटल्यावर तो समजायचं ते समजला. सत्तावीस वर्षांत आपण कधी तपासणी करवली नाही, आणि आता साहेबांपुढे जायचंय तर टाकी तोंड धुतल्यासारखी दिसली पाहिजे!

कोठारावर त्याने हेच केलं होतं. तपासनीस येणार म्हटलं की आदल्या दिवशी सगळी माणसं ब्रश घेऊन कामाला! कठडे रंगव, शिड्या रंगव, मोटारी रंगव. तपासनीस यायचा, ताज्या रंगाचा वास घ्यायचा आणि सही करून जायचा. अडतीस वर्षांत एकही शेरा नाही. व्हर्लिनची तपासणीवरची सगळी श्रद्धा रंगाच्या डब्यात होती.

"आधी त्यावर काही लिहिलंय का बघ," आर्डिस वरून म्हणाली.

"काय?"

"लिहिलंय का बघ!"

"हो, पांढराच देतोय!"

आर्डिसने कपाळाला हात लावला. कानाचं यंत्र त्याला डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी दिलं होतं. ते लावलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून व्हर्लिन ते लावत नसे. झडपेबद्दल तर तो बोलतच नसे. पण एकदा, फक्त एकदा, तो तिला म्हणाला होता, "एक एक भाग बदलत चाललेत माझे. शेवटी मूळचा मी किती उरणार गं?" तिने तेव्हा नुसता त्याचा हात धरून ठेवला होता.

व्हर्लिनने गंज घासला आणि रंगाचे तीन हात दिले. तीन! टाकी अशी चकाकली की तिच्यात बघून दाढी करावी.

बुधवारी अकराला दोघं गॅसच्या डेपोवर हजर. तिथली ट्वायला, चाळिशीची, दणकट बाई, चाकांच्या फळीवर उताणी पडली आणि गाडीखाली गेली. आधी टॉर्च इकडेतिकडे फिरला. मग खालून आवाज आला.

"मॅनेजरसाहेब, रंग कधी दिला?"

"नाही नाही, हा जुनाच आहे!"

"माझ्या नाकाला लागला की!" ट्वायला बाहेर आली. नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. "माझे बाबा तुमच्या हाताखाली सोळा वर्षं होते. तपासणीच्या आदल्या दिवशी घरी यायचे तेव्हा कोपरापर्यंत पांढरे असायचे. मला शिकवू नका."

आर्डिस खोकली. तो खोकला नव्हता.

"पाटी कुठे आहे?" ट्वायलाने विचारलं.

"कुठली पाटी?"

"टाकीवरची! कोणी बनवली, कधी बनवली, किती दाब सोसते, सगळं कोरलेलं असतं तिच्यावर. ती वाचता आली नाही तर मी एक थेंब गॅस भरत नाही. मीच काय, ॲरिझोनापर्यंत कोणी भरणार नाही."

"मग काय करायचं?"

"टाकी काढायची, नवी बसवायची. मिळायला सहा आठवडे."

सहा आठवडे! तोवर रस्त्यांवर बर्फ पडणार, क्रिस्टा किल्ली घेणार, आणि तिकडे डेल्मा... आर्डिस पायरीवर खालीच बसली. तिचा चेहरा बघून व्हर्लिनला राहवेना.

"एका मिनिटात रंगाखालून काढतो पाटी!" तो ओरडला आणि गाडीतून ड्रिल घेऊन आला, पुढे तारेचा गोल ब्रश लावलेलं. बटण दाबलं आणि निघाला तो थेट टाकीकडे!

"थांबा!" ट्वायला किंचाळली. "ठिणगी उडेल! अक्षरंही जातील!"

"हो, लगेच जाईल!" असं म्हणत गडी गाडीखाली वाकला. शेवटी आर्डिसनेच उठून त्याची पँट मागून पट्ट्यासकट धरली आणि त्याला ओढून काढलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी ताकद तिने कधी दाखवली नव्हती.

मग ट्वायलाने रंग उतरवायच्या औषधाची बाटली आणली. "हळूहळू काढावं लागेल. लोखंडी काही चालायचं नाही. दात घासायचा ब्रश आहे?"

"आहे," आर्डिस म्हणाली आणि गाडीतून व्हर्लिनचा घेऊन आली.

पाऊण तास! गार सिमेंटवर पोटावर पडून व्हर्लिन आपल्याच ब्रशने टाकी घासत होता. आर्डिसने टॉर्च धरला होता. पहिला हात गेला, दुसरा गेला. तिसऱ्याखाली धातूची चकाकी दिसली. एक आकडा आला. मग दुसरा. मग वर्ष. "एकोणीसशे अठ्ठ्याण्णव!" व्हर्लिन ओरडला. नातू झाल्याची बातमीसुद्धा त्याने इतक्या आनंदाने ओरडून सांगितली नव्हती. शेवटची ओळ दाबाची. ती त्याने सगळ्यात हळू घासली. आर्डिसने टॉर्च जवळ आणला आणि अक्षर न् अक्षर वाचता आलं.

"झालं!" तो उठून बसला. "आता द्या सर्टिफिकेट!"

"कसलं?"

"मुदत वाढवल्याचं!"

ट्वायलाने त्याच्याकडे बघितलं. "साहेब, हिला मुदत नसतेच. तारीख परसातल्या सिलिंडरला. गाडीला कायमच्या बसवलेल्या टाकीला आपल्याकडे तारीख नाही. अंग शाबूत पाहिजे, झडप धड पाहिजे, पाटी वाचता आली पाहिजे. बस्स. ती पाटी म्हणजेच सर्टिफिकेट."

म्हणजे नसलेल्या कागदासाठी असलेला कागद व्हर्लिनने स्वतःच्या हाताने तीन वेळा रंगवून झाकला होता! तो टोपी काढून उगाच तिच्या आत बघत बसला.

ट्वायलाने नळ्या तपासल्या, दाब बघितला, गळती नाही. "आता गॅसची घंटी दाखवा. गॅस गळला की वाजते ना, आत जमिनीलगत असते ती."

व्हर्लिन चुळबुळला. मग त्याने आतला खण उघडला. वायर तोडलेली घंटी त्यात पडली होती आणि तिच्या शेजारी कानाचं यंत्र.

"हिची वायर कोणी कापली?"

"ही म्हणत होती काहीतरी चिरचिरतंय. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, किडा असेल. ही ऐकेना, मग घंटीच सापडली, म्हणून..."

ट्वायलाने घंटी उलटी केली. मागे ठळक अक्षरात तारीख होती, चार वर्षांपूर्वीच उलटून गेलेली. "मुदत होती ती हिला. मी संपले, मला बदला, असं ओरडून सांगत होती बिचारी."

आर्डिसने त्या घंटीकडे बघितलं, मग खणातल्या यंत्राकडे, मग नवऱ्याकडे.

ट्वायलाने नवी घंटी बसवली आणि चाचणीचं बटण दाबलं. बारीक, चिरका, मेंदूत घुसणारा आवाज! ट्वायलाने कान दाबले, आर्डिसने कान दाबले, अंगणातला कुत्रा पळून गेला. व्हर्लिन मधोमध हसतमुख उभा.

"वाजते का?" त्याने विचारलं.

आर्डिसचे डोळे भरून आले. हसू की रडू तिला कळेना. "चार वर्षं, व्हर्लिन! अरे, आपण दोघं तिथे झोपत होतो!" हे ती मोठ्याने म्हणाली, आणि ते त्याला ऐकू आलं. त्याने गुपचूप खणातून यंत्र काढलं आणि कानात घातलं.

क्रिस्टाला कागद तर हवाच होता. ट्वायलाने डेपोच्या कागदावर दोन ओळी लिहून सही केली: 'टाकी: ठीक, पाटी वाचता येते. घंटी: नवी बसवली.' आर्डिसने पेन मागून घेतलं आणि खाली तिसरी ओळ लिहिली: 'तुझा बाप: झडप नवी, कान नवे, अंग शाबूत, मूळचाच आहे. तारीख नाही.' फोटो काढून पाठवला. तासाभराने लेकीचं उत्तर आलं: 'जा. मावशीला माझा पापा दे.'

गुरुवारी सकाळी गाडी निघाली. बोलल्याप्रमाणे! व्हर्लिनने ऐटीत पहिला गिअर टाकला.

"आता दोन हजार मैल मी बोलणार," आर्डिस म्हणाली, "आणि तू ऐकणार. रंगापासून सुरुवात करते."

व्हर्लिनचा हात हळूच कानातल्या यंत्राकडे गेला. तिने नुसतं बघितलं, आणि त्याने तो परत स्टिअरिंगवर ठेवला.