बिनरजेची दांडी

एका रविवारी मी घरातून पळून जायचं ठरवलं. (पळून म्हणजे चालतच. गुडघे आता तेवढीच साथ देतात.)

कारण आमची सून, आम्रपाली. ती कंपनीत कामाला आहे. आदल्या आठवड्यात मी कात्रजच्या बाजारात गप्पांत अडकलो, परतायला अंधार झाला. दारात आलो तर ती फोनवर आमच्या मुलाला, आयुषला, सांगत होती, "बाबा एवॉल आहेत."

मी अर्थ विचारला. म्हणाली, इंग्रजी शब्द आहे, पलटणीतला. शिपाई रजा न घेता निघून गेला की त्याच्या नावापुढे असं लावतात. आता ऑफिसात कुणी न सांगता गायब झालं तरी तेच म्हणतात.

मला शब्द आवडला. मी शाळेत गेलोच नाही, त्यामुळे गैरहजेरी कधी लागली नाही. पुढे मंडईत हमाली केली. तिथं हा दशरथ नाही आला तर पोतं दुसरा उचलायचा. गैरहजर ठरायला आधी पटावर नाव लागतं. या घराच्या पटावर आपलं आहे का, एकदा बघावं म्हटलं.

घरातून निघताना आम्ही "येतो" म्हणतो. त्या सकाळी ते गिळलं नि बाहेर पडलो, बागेत जाऊन बसलो. आता आयुष गाडी काढेल, सून रडवेली होईल, आमची बायको सुंदरा शेजारणी गोळा करेल. मलाच त्यांची दया येऊ लागली. फोन हातात धरून बसलो. वाजेना. बिघडला असेल म्हणून माळ्याला दाखवला. म्हणाला, चांगला आहे की.

ऊन डोक्यावर आलं. वाटलं, आपलं नाव नाहीच.

घरी गेलो तर तिघं जेवत होती. मी हळूच विचारलं, "कुणी शोधलं नाही मला?"

"शोधायचं काय, बाबा?" आम्रपाली म्हणाली. "त्या दिवसापासून तुमच्या फोनचा ठिपका माझ्या फोनवर दिसतो. सकाळपासून आम्ही तोच बघतोय. आईंची तर भाजी करपली."

मला एकदम भरून आलं. इतकी हजेरी पलटणीतसुद्धा घेत नसतील. खुशीत पाटावर बसलो. ताटात अर्धी भाकरी आणि काकडी.

"बागेत होता तोवर ठीक होतं," सुंदरा शांतपणे म्हणाली. "पण जिलबीच्या दुकानात तो ठिपका एवढा वेळ काय करत होता? साखर तपासत होता?"