खालच्या फ्लॅटमधल्या सोलांजबाई

सोलांजबाईंच्या घरात पहिल्याच फटक्यात प्रवेश मिळाला, असा माणूस लंडनच्या आमच्या ईलिंग भागात नसेल. दार उघडून त्या आपल्याला नखशिखांत न्याहाळतात आणि म्हणतात, "छे! पुन्हा ये. काहीतरी बातमी घेऊन आल्यासारखी ये." मी नुसतं त्यांचं पार्सल घेऊन आलेली असते. तरी जिन्यापर्यंत मागे जाते आणि पुन्हा बेल वाजवते. बॉयलर तपासायला आलेल्या माणसाकडून तर त्यांनी तीनदा एंट्री करून घेतली आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. तो लाजला, खूश होऊन गेला. बॉयलर बघायचा राहूनच गेला.

आमच्या खाली राहणाऱ्या या फ्रेंच बाई एकेकाळी पॅरिसच्या रंगभूमीवर राण्या रंगवायच्या. सिनेमे केले, बक्षिसं मिळवली. मग शूटिंगवरच्या पीटर नावाच्या इंग्रज लाइटवाल्याशी लग्न करून इकडे आल्या. इथे त्यांच्या फ्रेंच उच्चारांमुळे वाट्याला आल्या त्या मोलकरणी, हेर आणि एकदा भूत. "भूत बेस्ट," त्या सांगतात. "ते कुठल्या गावचं, हे कोणी विचारत नाही."

पीटर जाऊन बरीच वर्षं झाली. फोन क्वचित वाजतो. घसा साफ करून त्या उचलतात, तर पलीकडे सोलर पॅनल विकणारा. त्याच्याशीही अर्धा तास बोलतात.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या सिनेमागृहात त्यांचा एक जुना चित्रपट लागला. "तू चल," म्हणाल्या. "एकटी गेले तर लोकांना वाटेल, स्वतःलाच बघायला आलीय."

आत जेमतेम सात-आठ जण होते. सोलांजबाईंना कोणी ओळखलं नाही. एका प्रसंगात खिडकीशी उभी असलेली तरुण सोलांज एकदम खुदकन हसते. तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या सोलांजबाईंनी माझा हात घट्ट धरला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मादाम, ते हसणं काय सुंदर केलंत!"

"केलं नाही गं. कॅमेऱ्यामागे पीटर होता. सँडविच दातांत धरून लाइट फिरवत होता, आणि ते पडलं. तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं."

थोडं चालून त्या थांबल्या. "घरी त्याचे फोटो आहेत. सगळ्यांत चेहरा ताठ. या सिनेमात मात्र मी हसते, तेव्हा तो समोर असतो."

बस आली. त्या चढल्या नाहीत.

"पुढचा शो आहे अजून," त्या म्हणाल्या. "तू जा, घरी वाट बघत असतील."

मी नवऱ्याला फोन केला, "तुम्ही जेवून घ्या," आणि त्यांच्या मागोमाग पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभी राहिले.