पिंपातल्या माणसाची सरकारी तपासणी

समाज किती नीतिमान आहे हे तो काय काय झाकून ठेवतो त्यावरून ठरतं, याबद्दल दुमत नसावं. या कसोटीवर पिंपातला माणूस हा उत्तर फिलिपिन्सच्या डोंगरांतला सर्वात नीतिमान नागरिक ठरतो. वीतभर उंच, लाकडी, हसतमुख, आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पिंपात. पिंप कोणी उचललंच नाही, तर त्याच्याविरुद्ध तक्रारीला जागा नाही.

पण लोक उचलतात. मग स्प्रिंग सुटते. पुढचं वर्णन करायची गरज आजवर कोणाला पडलेली नाही.

आपो बिनवाग चाळीस वर्षं हीच माणसं कोरून आपल्या दुकानात विकत होते. (आपो म्हणजे आजोबा, खरं नाव हाक मारायला कोणी वापरत नसे.) मनिलाहून सहलीला आलेल्या बायका पिंप उचलत, किंचाळत, छातीवर क्रूस काढत आणि सहा नग बांधून घेत. साहेबाला, शेजारणीला, मुलाच्या धर्ममातेला. तिकडे गावाहून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाशी कोणी नीट बोलत नाही.

अशा सुरळीत चाललेल्या कारभारात तिथल्या नगरपालिकेने स्मृतिवस्तू सभ्यता समिती नेमली. असभ्य माल आढळल्यास दुकानाचा परवाना स्थगित. सभ्य माल म्हणजे जेवणाच्या खोलीत भिंतीवर टांगायचे हातभर लांब लाकडी काटेचमचे, ज्यांनी कोणी जेवत नाही.

"चमचा हसत नाही गं," आपो बायकोला म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"त्याला पिंपही लागत नाही. अर्धं काम वाचलं," आगिनाया म्हणाली. "आणि चाळीस वर्षं हसवलंत तेवढं पुरे झालं. मला कधी हसवलंत?"

तपासणीच्या दिवशी पाच सभासद आले. नियमाप्रमाणे दहा नमुने पाहणं पुरेसं होतं. परंतु समिती इतकी कर्तव्यदक्ष, की तिने तीनशे बाराच्या तीनशे बारा पिंपं उचलली. एका सभासदाने तत्त्व म्हणून डोळे मिटून घेतले (पाळी मात्र चुकवली नाही). दोघांना शंका उरल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. जेवण दुकानातच मागवलं. अहवालात शेरा पडला: असभ्य, शंभर टक्के; स्प्रिंग उत्तम. सगळा माल पुरावा म्हणून जप्त झाला आणि परवाना तीन महिन्यांसाठी टांगून ठेवला गेला; तोवर फक्त सभ्य माल विकायची मुभा होती.

आपोंनी नवी माणसं कोरली. पिंपाखाली पँट. चार बटणं, पट्टा, इस्त्रीची घडीसुद्धा.

"हे काय, आपो?" गळ्यात जपमाळ घातलेल्या एका आजीबाईंनी पिंप उचलून विचारलं. "पँट?"

"चांगल्या कापडाची आहे, बाई."

"फसवणूक आहे ही! घरी मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

महिन्याभरात दोन नग खपले, दोन्ही एका अधू दृष्टीच्या गृहस्थाला. आपोंनी निमूटपणे चमच्यांचं लाकूड आणलं.

त्याच आठवड्यात समितीच्या अध्यक्षा श्रीमती कोन्सोलासिओन आबार्केझ मागच्या दाराने आल्या.

"आपो, जुन्यातला माल आहे का?"

"सगळा तुमच्या कपाटात आहे, मॅडम."

"कपाटात तीन उरलेत." त्या खाली बघून बोलल्या. "भाऊ कॅलिफोर्नियाला परत चालला होता. एका सभासदाच्या मुलीचं लग्न निघालं. मग लेखनिकाचे साहेब... आणि तिमाहीच्या शेवटी वरून माणसं पुरावा बघायला येताहेत."

"आणि ते तीन का ठेवलेत?"

"त्यांच्या स्प्रिंगा गेल्यात. तपासणीतच."

दुसऱ्या दिवशी सही-शिक्क्याचा हुकूम आला: असभ्य नग तीनशे नऊ, पूर्वीच्याच दर्जाचे, पँट नको. त्यासाठी परवाना लागणार म्हणून तोही सोबत होता. आपोंचा हुद्दा त्यात 'पुरावा उत्पादक' असा पडला.

"सरकारी माणूस झालात," आगिनाया म्हणाली, आणि चाळीस वर्षांत प्रथमच मनापासून हसली. आपोंनी छिन्नी खाली ठेवून तिच्याकडे बघून घेतलं.

पुरावा अजूनही दर तिमाहीला नाहीसा होतो आणि नव्याने मागवला जातो. समितीने आता वस्तूंचा नाद सोडून माणसांकडे लक्ष वळवलं आहे. पिंपाखाली काय असतं हे कोणी सांगितलेलं नसताना ज्याला कळतं, अशा प्रत्येकाचं नाव ती नोंदवते. या मजकुरात ते कुठेही लिहिलेलं नाही, खुशाल पुन्हा वाचून पाहा. आणि तुमचं नाव जरा स्पष्ट अक्षरात द्या.